परसातली तहान

पाडेली माडावरून उतरला, कोयता कमरेला अडकवला, तांब्याभर पाणी एका दमात प्यायला आणि मग परसावरून नजर फिरवली. ती नव्या कुंड्यांच्या रांगेपाशी जरा रेंगाळली. जांभळे पिटुनिया, दोन हायड्रेंजिया, एक झिपरं फर्न आणि म्हापशाच्या नर्सरीवाल्याने 'फुल सन चलता है' असं सांगून गळ्यात मारलेलं काहीतरी, ज्याचं नाव मला आता आठवतही नाही. "वयनी, आनी एप्रिलांत हांकां उदक कोण घालतलो?" त्याने विचारलं. टोमणा नव्हता. वर्षातून ठरलेल्या वेळी गावातल्या प्रत्येक परसाकडे वरून पाहणारा माणूस तो, कोणाचं काय सुकलं आणि कोणाचं काय तगलं हे त्याला आपल्यापेक्षा जास्त दिसतं. मी "आमीच, आनी कोण?" म्हणून हसले. तो पैसे घेऊन गेला. आणि त्याचा तो 'कोण' मात्र शिमगा जवळ आला तरी माझ्या मागे मागे फिरतोय.

फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात फेब्रुवारीचा शेवट ही फसवी वेळ असते. पहाटे अजून चादर लागते. आंब्याला मोहोर, काजूला बोंडं, सुरंगीच्या खोडाला कळ्यांचे गुच्छ, सगळं परस लग्नघरासारखं गजबजलेलं. अशा वेळी हाताला खाज सुटते आणि माणूस नर्सरीत जातो. गोव्यातला उन्हाळा विदर्भासारखा अंगावर धावून येत नाही. पारा तेहतीस-चौतीसच्या पुढे फारसा चढत नाही, हवेत दमटपणा भरपूर, त्यामुळे पान करपलेलं दिसत नाही आणि आपल्याला वाटतं, सगळं ठीक आहे. पण खरी गोष्ट खाली चालू असते. आमची माती म्हणजे जांभ्या दगडाचा चुरा. चिऱ्याला जितकी भोकं, तितकीच तिच्यात. सकाळी आळं तुडुंब भरावं आणि संध्याकाळी तिथे बोट खुपसावं तर नखात नुसती तांबडी पूड. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस घेणारी ही भूमी. पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत येतो आणि ज्या वाटेने येतो त्याच घाईने ओढ्यातून, नदीतून समुद्रात जातो. भर पावसाळ्यात ज्या विहिरीत वाकून हाताने पाणी घेता येतं, त्याच विहिरीत एप्रिलमध्ये दोराची टोकाची गाठ हातात येईपर्यंत बादली सोडावी लागते.

आमच्या विहिरीला आतून चिऱ्याचं बांधकाम आहे. त्यात एका थरावर एक चिरा जरासा पुढे आलेला आहे, गवंड्याची चूक असेल किंवा उतरायला पाय ठेवायची सोय. घरात त्याला 'टप्पो' म्हणतात. होळीपूर्वी टप्पो उघडा पडला तर त्या वर्षी जपून राहायचं, गुढीपाडव्यानंतर पडला तर चैन. यंदा तो आधीच कोरडा झालाय, त्याच्यावर नेच्याचं एक लहानसं रोप हिरवंगार बसलंय. सरकारी नळ आहे, येतो, जातो. नळाच्या पाण्यावर परस ठेवायचं नाही हा आमच्याकडचा न लिहिलेला कायदा. ते पाणी माणसांचं.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा मी म्हापशाच्या भर वस्तीतून, दोन खोल्या आणि एका तुळशीवृंदावनातून आले होते. पहिल्याच उन्हाळ्यात सासूबाईंनी माझ्या हातात कळशी दिली. पंप तेव्हा नव्हता, रहाट होता. तांब्याची कळशी भरली की दहा-बारा लिटर पाणी सहज मावायचं. कमरेवर घेऊन परसाच्या खालच्या टोकाला जायचं, उतार, पायाखाली सुपारीच्या सालांचा चिखल. मला वाटायचं की या बाई चिकट आहेत. अबोलीला अर्धी कळशी, मोगऱ्याला आज नाही, पपईला उद्या, त्या मोठ्या माडाला तर कधीच नाही. मी एकदा उत्साहाने सगळ्या झाडांना घालत सुटले तर त्या सोप्यावरून नुसत्या बघत राहिल्या, एका शब्दाने बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी माझी कंबर धरली. तेव्हा कळलं की त्यांचा प्रत्येक निर्णय कमरेतून आलेला आहे. कुठल्या झाडाला खरंच पाणी लागतं आणि कुठलं नुसतं तोंड वेंगाडतं, हे त्यांना तेव्हाच कळायचं, कारण चुकीच्या झाडाला घातलेली कळशी त्यांना पुन्हा ओढावी लागणार होती. आज जुन्या परसबागांचे गोडवे गाणारे लेख वाचले की मला हे आठवतं. ते शहाणपण खरं होतं. पण ते बायकांच्या आणि कामाला येणाऱ्या गड्यांच्या पाठीवर उभं होतं, आणि पंप बसला त्या दिवशी सासूबाईंनी रहाटाला हळदकुंकू वाहिलं ते काही त्याच्या प्रेमापोटी नव्हे.

पंपाने वजन काढून घेतलं. त्याबरोबर हिशेबही गेला.

जुन्या घरांचं परस नीट पाहिलं तर झाडं कुठे लावायची हे कोणी बसून ठरवलेलंच नसतं, पाणी जिथून बाहेर पडतं तिथे ती असतात. आमच्या न्हाणीमागे केळीचं बन, त्याच्या पायाशी अळू आणि कडेला हळद. रांधणीच्या मोरीचं पाणी चर काढून एका माडाकडे नेलेलं. भांडी राखेने घासायची, त्यामुळे त्या माडाला राखही मिळायची. तुळशीवर घातलेलं पाणी ओघळून जिथे जातं तिथे अबोली. विहिरीच्या काठावर बादली आपटून जे सांडतं त्यावर पुदिना आणि एक लिंबू. उन्हाळ्यात या झाडांसाठी वेगळं पाणी कोणी ओढत नसे. माणसं आंघोळ करायची, केळी पाणी प्यायच्या. पाहुणे आले की केळीची चंगळ. ही झाली एक यादी, बिनखर्चाची. दुसरी यादी होती हक्काच्या झाडांची: दोन-तीन वर्षांचे बाळमाड, त्याच वर्षी लावलेल्या पोफळी, नुकती आधार धरणारी मिरवेल. यांना आधी. मग फुलं, कारण देवाला लागतात. मग भाजी. आणि तिसरी यादी मुद्दाम उपाशी ठेवायच्यांची.

ही तिसरी यादी मला समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला. उन्हाळ्याची तयारी म्हणजे पाण्याची तयारी असं आपण धरून चालतो. सासूबाई मात्र तहानेची तयारी करायच्या. पौष लागला की मोगऱ्याचं पाणी तोडायचं. रोज दिसतो, पानं पिवळी पडतात, गळतात, जीव कळवळतो, तरी द्यायचं नाही. मग एक दिवस कात्री घेऊन सगळ्या फांद्या बेताने छाटायच्या, मुळाजवळची माती उकरून दोन दिवस ऊन दाखवायचं, कुजलेलं शेणखत घालायचं आणि मग, आता, पोटभर पाणी. त्या पाण्याने मोगरा जो उसळतो तो चैत्र-वैशाखात ओंजळी भरभरून देतो. ज्यांनी दया दाखवून वर्षभर पाणी घातलं त्यांच्याकडे पानंच पानं. आमच्या शेजारच्या काकींचा मोगरा तसा आहे, हिरवा, गुबगुबीत, आणि मे महिन्यात देवासाठी फुलं मात्र आमच्याकडून जातात. काकींना हे सांगून झालंय. "गे, सुकतां पळोवन म्हाका रावूंक जायना," म्हणतात. त्यांचंही खोटं नाही.

आंब्याचं तेच. आमच्या आवारात एक मानकुराद आहे, आजेसासऱ्यांनी लावलेला. त्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मुलाने पुण्याहून फोन करून अभिनंदन केलं, जणू काही मीच मिळवलं. पणजीच्या बाजारात हंगामाच्या सुरुवातीला त्याचा डझनाचा भाव हजारांत बोलला जातो आणि आपल्या झाडाखाली उभं राहून आपण उगाच श्रीमंत होतो. या झाडाला दसऱ्यानंतर थेंब द्यायचा नाही. मातीतला ओलावा आटला, रात्री गार झाल्या, की त्याला फुलायची आठवण होते. त्या काळात पाणी दिलंत तर मोहोराऐवजी तांबूस पालवी घेऊन बसाल. फळ धरून वाटाण्याएवढं झालं की मात्र गोष्ट बदलते, तेव्हा पाणी मिळालं तर गळ कमी होते. गळ थांबत नाही, होते कमी. सकाळी झाडाखाली पडलेली तोरं गोळा करून मिठात घालायची, चेपणीला. म्हणजे तोटाही बरणीत जातो.

माडाची गोष्ट वेगळीच. मोठ्या माडाला भर उन्हाळ्यात चार दिवसांनी दोनशे लिटर पाणी द्यावं असं शेतकी खात्याची माणसं सांगतात. बरोबरच सांगतात. पण दोनशे लिटर म्हणजे आमच्या कळशीने सतरा-अठरा खेपा, एका माडाच्या. सासूबाईंनी ते ऐकून घेतलं असतं आणि पाहुण्याला चहा देऊन पाठवलं असतं. त्यांच्याकडे त्यावर उत्तर होतं सोडणांचं. वर्षभर सोललेल्या नारळांची सोडणं न्हाणीच्या चुलीतून वाचवून एका कोपऱ्यात रचून ठेवायची आणि माघ-फाल्गुनात माडाच्या बुंध्यापासून अडीच-तीन हात सोडून गोल चर खणून त्यात पुरायची. पुरताना त्यांची एक अट: पोकळ बाजू आभाळाकडे. मी पालथी टाकली की त्या काठीने उलटवायच्या. उताणं सोडण पाणी धरून ठेवतं, काथ्याचा स्पंज होतो त्याचा, आणि एकदा पुरलं की पाच-सात वर्षं बघावं लागत नाही. माडाला यातलं सुख-दुःख लगेच दिसत नाही हीच पंचाईत आहे. पोगीच्या आत फुलोऱ्याची घडण तो उमलण्याच्या कितीतरी आधी सुरू झालेली असते, त्यामुळे या उन्हाळ्यात सोसलेली तहान तो पुढच्या आणि त्याच्याही पुढच्या वर्षी नारळ कमी देऊन सांगतो. तोवर आपण दुसऱ्याच कशाला तरी दोष देऊन मोकळे होतो: खार, माकड, पाडेली, सरकार. सरकारचं म्हणाल तर २०१६ साली आपल्या विधानसभेने कायद्यातून माडाचं झाडपण काढून घेतलं होतं, कापायला परवानगी नको म्हणून. २०१७ मध्ये तो पुन्हा झाड झाला. मधल्या काळात आमच्या परसातले माड काय होते कोण जाणे. नारळ तरी नेहमीसारखेच पडत होते.

आता सोडणं मिळत नाहीत ही खरी अडचण. गॅस आला, नारळ सोललेला मिळू लागला, आणि पाडेलीही हल्ली नारळ तिथेच विकत घेऊन टेंपोत घालून नेतो. यंदा मी त्याला बजावून ठेवलं की निम्मे नारळ इथेच सोलायचे. नवऱ्याने लोखंडी सुळा परसात रोवून दिला आहे.

पातेऱ्यावरून, म्हणजे झडलेल्या वाळक्या पानांवरून, मात्र आमच्या आळीत दरवर्षी भांडण होतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये फणस, आंबा, काजू पानं झडझडून टाकतात. सकाळी खराट्याचा आवाज, संध्याकाळी धूर. संध्याकाळचा तो निळसर धूर गावावर तरंगत असतो, त्यात मोहोराचा वास मिसळलेला, आणि खोटं कशाला बोलू, मला तो वास आवडतो. माझं सगळं लहानपण त्यात आहे. पण २०२३ च्या मार्चमध्ये म्हादई अभयारण्यात आणि आजूबाजूच्या डोंगरांत आगी लागल्या, दिवसेंदिवस विझेनात, तेव्हापासून गावात कोणी काडी ओढली की पोटात गोळा येतो. ती आग कोणाच्या परसातून गेली असं मी म्हणत नाही. पण वाळलेलं पान किती पटकन पेट घेतं आणि वारा फिरला की किती लांब जातं हे सगळ्यांनी पाहिलं. मी पातेरा जाळणं सोडलंय. सगळा आळ्यांत भरते, हातभर थर, खोडापासून वीतभर लांब, नाहीतर वाळवी थेट सालीवर चढते. वर माडाची चुडतं आडवी टाकते म्हणजे कोंबड्या उकरत नाहीत. दुपारी बाराला उघड्या मातीवर अनवाणी पाय ठेवून बघा आणि मग त्या थराखाली हात घालून बघा. खाली थंडगार, ओलसर, गांडुळांचा मातकट वास, एखादी गोम धावत सुटलेली. ज्याला पटत नाही त्याला मी हेच करायला सांगते.

काकींना पटत नाही. त्यांचं म्हणणं, पातेऱ्यात जनावर बसतं. आणि हे म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. आमचा प्रदेश जांभ्याचा, फुरशांचा. वीतभर लांबीचं, पानांच्याच रंगाचं, पायाखाली येईपर्यंत न दिसणारं. काकींच्या दिरांना तरुणपणी पातेरा ओढतानाच चावलं होतं. ते वाचले, पण पाय कायमचा अधू. जुन्या बायका अंगण, वाट, न्हाणीचा रस्ता आरशासारखा लख्ख ठेवायच्या त्याला नुसती टापटीप कारण नव्हती. शिवाय अंगणाला उन्हाळ्यात दुसरं कामही असतं: आमसुलं वाळवायची, मिरच्या पसरायच्या, पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, सगळी भिस्त त्या सारवलेल्या जमिनीवर. तिथे पान नको, सावली नको, निखळ ऊन हवं. एकाच आवारात घराला ऊन हवं आणि झाडांना सावली, घराला लख्ख जमीन आणि झाडांना गचाळ. मी वाटेपासून चार पावलं आणि दारापासून दहा पावलं पातेरा ठेवत नाही, हात घालण्याआधी काठीने चाळवते, संध्याकाळनंतर परसात जात नाही. काकी तरीही कुंपणापलीकडून बघतात आणि मान हलवतात. मागच्या आठवड्यात त्यांनी स्वतःहून दोन गोणी पानं कुंपणावरून माझ्याकडे टाकली. तह झाला असं समजायचं की माझ्याकडचा कचरा वाढवून मला धडा शिकवायचा, ते अजून स्पष्ट नाही.

भाजीचा एकच वाफा मी उन्हाळ्यात ठेवते, तांबड्या भाजीचा, म्हणजे लाल माठाचा. बाकी आपल्या भाज्या शहाण्या आहेत, त्यांना पंचांग कळतं. काणकोणातल्या खोल गावची मिरची डोंगरउतारावर पावसाच्याच पाण्यावर होते, सात शिरांची भेंडी पावसात, चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीला लागणारी तवशी, दोडकी, सगळी पावसाची लेकरं. चैत्रात त्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. तांबडी भाजी मात्र महिनाभरात ताटात येते, तेवढ्यापुरतं पाणी परवडतं. तिचं बी मोहरीपेक्षाही बारीक, काळंभोर, चकचकीत. चिमटीत धरलं तर बोटांच्या रेषांत अडकून बसतं. तसंच टाकलं तर एका जागी रान आणि दुसरीकडे टक्कल. म्हणून ते मूठभर वाळूत कालवायचं. वाळू कोरडी हवी. मग हात ढोपरापासून सैल सोडून, वाफ्यावर मीठ भुरभुरवल्यासारखा फिरवायचा, तळव्याने हलकेच थापायचं, वर राखेचा हात. राख मुंग्यांसाठी. नाहीतर रात्रीतून बियांची मिरवणूक वारुळाकडे निघालेली असते, एकेक काळा ठिपका डोक्यावर घेऊन. पाणी वरून धो-धो घालायचं नाही, बी वाहून एका कोपऱ्यात जमतं. सासूबाई सुपारीच्या विरीत, म्हणजे झावळीच्या रुंद देठात, पाणी घेऊन मनगटाच्या एका झटक्याने ते असं उडवायच्या की पाऊस पडल्यासारखं वाटायचं. मला ते कधी जमलं नाही. मी झारी वापरते. चौथ्या-पाचव्या दिवशी वाफ्यावर तांबूस धूर पसरल्यासारखा दिसतो, जवळ जाऊन पाहिलं तर दोन-दोन पानांची गुलाबी देठं. तेव्हाच मोरांना बातमी लागते. राष्ट्रीय पक्षी असल्याने त्याला दगड मारता येत नाही, शिव्या घालता येतात. जुनी नायलॉनची मच्छरदाणी वाफ्यावर ताणून ठेवली की शिव्या कमी लागतात.

तर त्या कुंड्या. मी त्या घेतल्या याचं मला वाईट वाटत नाही. आयुष्यभर उपयोगाची झाडं पाहिली: हे खायचं, ते देवाचं, ते औषधी. साठीनंतर एखादं निव्वळ निरुपयोगी, जांभळं, चार महिन्यांत मरून जाणारं झाड आपल्या पैशांनी विकत घ्यावंसं वाटलं तर वाटू दे. त्यांची सोय मी केली आहे. उत्तरेच्या भिंतीकडे, जिथे सकाळचं तिरकं ऊन तेवढं येतं, तिथे हिरवी जाळी बांधून सगळ्या कुंड्या एकमेकींना खेटून ठेवल्यात. खेटून ठेवल्या की एकीचा ओलावा दुसरीला मिळतो आणि कुंडीची कूस तापत नाही. प्लॅस्टिकच्या कुंड्या मातीच्या मोठ्या कुंड्यांत उतरवल्या, मधल्या फटीत काथ्याचा भुसा. पिटुनिया एप्रिल पाहणार नाहीत हे मलाही माहीत आहे. हायड्रेंजियाने प्रयत्न करावा.

पण पाडेलीचा 'कोण' कुंड्यांपुरता नव्हताच. मला वाटतं तो माझ्या नवऱ्याच्या गुडघ्याकडे बघून विचारला गेला होता. या आळीत बहुतेक घरांत आता दोन-दोन म्हातारी माणसं आहेत. मुलं पुण्याला, बेंगळुरूला, दुबईला, एखादं पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमध्ये. एप्रिलमध्ये नातवंडांच्या सुट्ट्या लागल्या की आम्हीच त्यांच्याकडे जातो, कारण त्यांना इथे यायला वेळ नसतो. नेमकं परसाला माणूस लागतं तेव्हा. मुलाने यावर तोडगा म्हणून ठिबकचा संच पाठवलाय, टायमरसकट. फोनवरून पुण्यात बसून आळ्याला पाणी सोडता येतं म्हणे. आम्ही तो बाळमाडांना आणि मिरवेलीला बसवला, चांगला आहे, पाणी निम्म्यावर आलं. पण यंत्राला यादी एकच कळते. ज्याची नळी आहे त्याला पाणी, रोज सहा वाजता. मोगऱ्याला कधी छळायचं आणि कधी सोडायचं, हे त्याच्या पडद्यावर कुठे लिहायचं ते मला सापडलं नाही. म्हणून मोगऱ्याला नळी नाही.

आणि हा हिशेब आमच्या कुंपणात संपत नाही, हेही आहेच. वरच्या डोंगरावर हल्ली बंगले झालेत, दिल्ली-मुंबईच्या माणसांचे, वर्षातले दोन आठवडे राहायचे. त्यांच्या हिरवळी बारा महिने हिरव्या असतात. बोअर मारल्यात, शिवाय टँकर चढतात. चढताना गिअर बदलला की आमच्या खिडकीच्या काचा थरथरतात. टप्पो यंदा लवकर उघडा पडला त्याचा आणि त्या बोअरचा संबंध आहे की नाही हे सांगायला मी भूगर्भतज्ज्ञ नाही. पण डोंगर एकच आहे आणि पाणी वरून खाली येतं, एवढं कळायला तज्ज्ञ लागत नाही. ग्रामसभेत विषय निघाला होता. चर्चा बरीच झाली, चहाही झाला. त्या बंगल्यांत माळीकाम करणारी मुलं मात्र आमच्याच गावची आहेत, म्हणजे डोंगरावर गवताला पाणी घालायला माणूस मिळतो आणि खाली माडाला मिळत नाही. त्यांना बोल तरी कसा लावणार? तिथे महिन्याचा पगार वेळेवर येतो.

सध्या घरात वाद आहे तो न्हाणीचा. जुनी न्हाणी मोडून फरशीची केली, गुडघ्यासाठी कमोड, हाताला धरायला दांडा. प्लंबर म्हणतो, सगळं पाणी पाइपाने शोषखड्ड्यात सोडतो, एकदम क्लीन. मी म्हटलं, मग केळी काय पितील? तो हसला. त्याला वाटलं गंमत करतेय. नवऱ्याने आधी त्याची बाजू घेतली, साबण, शांपू, फिनेल, केळीला चालेल का वगैरे. मुद्दा बरोबर होता. आमच्या सासूबाई शिकेकाईने न्हायच्या आणि उटणं लावायच्या, त्या पाण्याची आणि आजच्या पाण्याची तुलना नाही. शेवटी असं ठरलं की कमोडचं वेगळं, ते खड्ड्यात. आंघोळीचं वेगळं, ते केळीकडे, मध्ये एक झडप, म्हणजे फिनेल टाकायच्या दिवशी ती फिरवून पाणी खड्ड्याकडे वळवायचं. आणि केळीच्या आधी वाळू-खडीचा एक छोटा हौद. प्लंबरने दोनदा विचारलं, "बाई, नक्की ना? दोन पाइप, दोन चर, खर्च वाढता." मी नक्की म्हटलं. शिमग्याच्या आदल्या दिवशी पाइप बसला. त्याच संध्याकाळी काकी न्हाणी बघायला म्हणून आल्या, दांडा हलवून बघितला, झडप उघड-बंद करून बघितली आणि विचारलं की पुण्याला जाल तेव्हा आंघोळ करायला कोण येणार. मी म्हटलं, तुम्ही या. केळफूल तुमचं.

त्या येते म्हणाल्या. पण घड सगळा त्यांचा, असं म्हणताहेत. बोलणी चालू आहेत.